वायर सोलण्याचे हत्यार आणि किनाऱ्यावरची घरे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर गेल्या काही वर्षांत निवास-न्याहारीच्या खोल्या, हॉटेले आणि नवी घरे मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. ती बांधणारे मालक वायर कोणत्या कंपनीची घ्यावी, स्विच कोणते बसवावेत, प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारी एमसीबी किती अँपिअरची हवी, याची बारकाईने चौकशी करतात. परंतु ती वायर वायरमन कशाने सोलतो, असे विचारणारा मालक क्वचितच भेटतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमन ट्रेड शिकवण्यात माझी सारी नोकरी सरली असल्याने आणि निवृत्तीनंतरही आसपासच्या घरांतले बोर्ड उघडून पाहण्याची सवय सुटलेली नसल्याने, या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

वायर सोलणे म्हणजे तांब्यावरचे पीव्हीसीचे आवरण तांब्याला जराही इजा न करता टोकाकडून काढणे. ऐकायला सोपे वाटते. मात्र घरातील दिव्यांच्या सर्किटसाठी आपण वापरतो ती १.५ चौरस मिलिमीटरची वायर हातात घेऊन पाहावी. बाजारातील अनेक वायरींमध्ये या मापासाठी ०.२५ मिलिमीटर जाडीच्या ३० तारा एकत्र पिळलेल्या असतात आणि त्यांवर जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचे आवरण असते. धारदार पाते एवढ्याशा आवरणातून जाऊन पहिल्या तारेला टेकण्याच्या आत थांबले पाहिजे. ते थांबले नाही आणि पाच तारा तुटून पडल्या, तर त्या ठिकाणी वायरीचा सहावा हिस्सा नाहीसा झालेला असतो. मालकाने पैसे १.५ च्या वायरीचे मोजले, टर्मिनलमध्ये मात्र १.२५ चीच गेली. तुटलेल्या तारा निदान जमिनीवर पडलेल्या दिसतात. नुसती खाच पडलेल्या तारा दिसतही नाहीत. वायर मागे दुमडून स्विचची प्लेट बॉक्समध्ये दाबली की वाक नेमका त्या खाचेवर येतो आणि पुढे कधीतरी प्लेट उघडून पुन्हा बसवताना तार तिथेच तुटते.

असा कमकुवत झालेला सांधा घरातील कोणतेही संरक्षक उपकरण पकडत नाही, ही यातली सर्वांत गंभीर बाब आहे. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. टर्मिनलपाशी अर्ध्या तारा उरल्या असल्या तरी तो तेवढाच प्रवाह घेणार, आणि त्या अरुंद जागी उष्णता वाढत जाणार. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने सर्व काही मर्यादेत असते, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी प्रवाह जमिनीकडे गळू लागला तरच पडते. इथे गळती काहीच नसते. स्विचची कड तपकिरी पडते, जळका वास येतो, तोपर्यंत कोणालाही पत्ता लागत नाही. म्हणूनच या दोषाविरुद्ध घराला जे काही संरक्षण आहे, ते वायरमनच्या हातात आणि त्याच्या हत्यारात आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो.

कोकणात या गोष्टीचे महत्त्व अधिक आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जून ते सप्टेंबर ओल धरून राहणाऱ्या चिऱ्याच्या भिंती आणि त्या भिंतींत पुरलेले पाइप, यांमुळे स्विचबॉक्सच्या आत हवा कधी पुरती कोरडी होत नाही. समुद्राकडच्या घरांत त्या ओलीबरोबर मीठ येते. मिठातील क्लोराइड तांब्यावर बसले की तांबे आधी काळवंडते, मग हिरवे पडते. कापलेल्या, ओरखडलेल्या तारांना टर्मिनलच्या स्क्रूची पकड नीट बसत नाही, मध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि गंज त्यांतच शिरतो. खाऱ्या ओलाव्याची आणखी एक खोड अशी की, आवरण फाटलेल्या ठिकाणाहून तो तारांमधल्या फटींतून आवरणाखाली आत सरकतो. समुद्राजवळच्या घरातली जुनी वायर टोकाकडून कापत गेल्यास बरेच अंतर आतपर्यंत तांबे काळे निघते, ते यामुळेच. घाटावर अनेक वर्षे निभावून जाईल असे ढिले काम इथे फार लवकर उघडे पडते.

आता प्रत्यक्ष कामावर काय दिसते, ते सांगतो. पुष्कळ वायरमन आजही दाताने वायर सोलतात. शिडीवर उभे असताना एका हातात होल्डर आणि दुसऱ्या हातात वायर असते, तेव्हा दात सोयीचे वाटतात हे मला समजते. परंतु पीव्हीसी टिकाऊ व्हावे म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळण्याची पद्धत वायर-उद्योगात दीर्घकाळ चालत आली आहे, आणि जुन्या घरातली वायर तोंडात धरणारा माणूस काय चावतो आहे याचा त्याला पत्ता नसतो. समोरच्या दातांचे टवके उडतात ते वेगळेच. काही जण लायटरने आवरण मऊ करून ओढतात. ही पद्धत मला दातांहूनही घातक वाटते. शुद्ध पीव्हीसीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलावा मिळताच त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. म्हणजे ज्या तांब्याला खाऱ्या हवेपासून जपायचे, त्याच्यावर आपण स्वतःच्या हाताने आम्ल चढवतो. दाढीची पत्ती वापरणाऱ्यांविषयी एवढेच म्हणेन की, तिला खोलीची मर्यादा नसते आणि ती बोट व वायर दोन्ही सारख्याच सहजतेने कापते.

पकडीने, म्हणजे कॉम्बिनेशन प्लायरच्या कापणाऱ्या धारेने आवरण चेपून ओढणे ही सर्वांत रूढ पद्धत आहे. वर्षानुवर्षे काम केलेल्या कुशल माणसाचा हात दाबाचा अंदाज अचूक घेतो आणि त्याच्या कामात मी दोष काढणार नाही. मात्र तो अंदाज एकाच जाडीच्या, एकाच कंपनीच्या वायरीवर बसलेला असतो. वायर बदलली, आवरण थोडे कडक निघाले, किंवा संध्याकाळ होऊन हात थकला की अंदाज चुकतो. शिकाऊ मुलाला तर ही पद्धत देऊच नये. चाकूचेही तसेच आहे. चाकू वापरायचाच असेल, तर वायरीभोवती गोल काप कधीही घेऊ नये. पेन्सिलीला टोक करताना धरतो तसा तो तिरपा, जवळजवळ आडवा धरून आवरण पुढच्या बाजूला तासत न्यावे. गोल कापाने तांब्यावर कडे पडते. एकेरी तारेवर, आणि विशेषतः ॲल्युमिनियमवर, ते कडे म्हणजे तुटण्याची आखलेली रेघच होय. आपल्याकडच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरचे ॲल्युमिनियमचे वायरिंग अजून सापडते. २०२० च्या जूनमधील निसर्ग आणि २०२१ च्या मेमधील तौक्ते या चक्रीवादळांनंतर घरोघरी तुटलेल्या वायरी मिळेल त्या हत्याराने सोलून जोडल्या गेल्या. त्यांपैकी ज्या तात्पुरत्या जोडण्या पुढे कोणी उघडल्याच नाहीत, त्या एकदा तपासून घेतलेल्या बऱ्या.

खास या कामासाठी केलेल्या हत्यारांत सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा म्हणजे इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेचा आणि पाती किती मिटावीत हे ठरवणाऱ्या स्क्रूचा साधा स्ट्रिपर. नाशिकच्या टपारियासारख्या कंपन्यांचे असे स्ट्रिपर दोन-अडीचशे रुपयांच्या आसपास मिळतात. योग्य रीतीने वापरला तर हा चांगले काम देतो, परंतु त्याच्याकडून काम करून घ्यावे लागते. ज्या मापाची वायर सोलायची तिच्याच एका तुकड्यावर स्क्रू जुळवायचा, सोललेले टोक उलगडून सर्व तारा शाबूत आहेत का ते पाहायचे आणि मगच त्या मापाचे सगळे काम उरकायचे. दोन खाचा समोरासमोर येऊन मध्ये चौकट तयार होते आणि वायर गोल असते. त्यामुळे चार ठिकाणी काप खोल आणि मध्ये उथळ बसतो. म्हणून ओढण्यापूर्वी हत्यार वायरीभोवती अर्धा फेरा फिरवावे. अडचण अशी की, एकाच बोर्डात १ ची, १.५ ची आणि २.५ ची वायर येते. प्रत्येक वेळी स्क्रू बदलण्याचा कंटाळा येतो, आणि मग मध्यम अंतरावर ठेवलेला स्ट्रिपर जाड वायरीला ओरखडतो व बारीक वायरीवर घसरतो. त्या स्क्रूचे नट ढिले झाले असेल, तर खिशात किंवा पिशवीत फिरूनच माप बदलते.

म्हणून माझी पसंती मापागणिक वेगळे गोल छिद्र असलेल्या स्ट्रिपरला आहे. त्यात जुळवणी करावी लागत नाही, छिद्र गोल असल्याने काप सर्व बाजूंनी सारखा बसतो, आणि तो इतका सपाट असतो की अरुंद बॉक्समध्येही तोंड घालता येते. तथापि हे हत्यार विकत घेताना एक गोष्ट पाहिली नाही, तर पैसे वाया जातात. अशा पुष्कळ स्ट्रिपरवरचे आकडे चौरस मिलिमीटरचे नसून अमेरिकन वायर गेजचे असतात. त्या मोजणीत आकडा वाढतो तशी वायर बारीक होते. १६ क्रमांकाची वायर १.३१ चौरस मिलिमीटरची, १४ ची २.०८ ची, १२ ची ३.३१ ची आणि १० ची ५.२६ ची. आपली १.५ ची वायर १६ आणि १४ यांच्या मध्ये पडते, २.५ ची १४ आणि १२ यांच्या मध्ये, आणि ४ ची १२ आणि १० यांच्या मध्ये. अंदाजाने जवळचे छिद्र निवडणारा १.५ ची वायर १६ मध्ये घालतो आणि बाहेरच्या तारा कापून टाकतो. शिवाय पिळलेल्या अनेक तारांचा जुडगा तेवढ्याच तांब्याच्या एकेरी तारेपेक्षा थोडा जाड असतो, आणि काही हत्यारांवर दोन्हींसाठी आकड्यांच्या दोन वेगळ्या ओळी दिलेल्या असतात, त्या वाचाव्या लागतात. तेव्हा असाच स्ट्रिपर हाताशी असेल, तर १.५ साठी १४, २.५ साठी १२ आणि ४ साठी १० असे नेहमी मोठ्या छिद्राकडे झुकावे. आवरणाचा तळाशी राहिलेला पातळ पापुद्रा ओढताना आपोआप फाटतो. कापलेली तार मात्र परत जोडता येत नाही.

आपल्या जुन्या वायरमनांच्या बोलण्यात ‘तीन-बावीस’ (२२ क्रमांकाच्या तीन तारा), ‘सात-वीस’ (२० क्रमांकाच्या सात तारा) अशी मापे अजून येतात. तीही गेजचीच, पण ब्रिटिश गेजची. दोन्हींचे आकडे सारखे दिसले तरी जाडी एक नाही: ब्रिटिश १६ क्रमांकाची तार १.६३ मिलिमीटर व्यासाची, तर अमेरिकन १६ ची १.२९ मिलिमीटरची. ही गल्लत अनुभवी माणसांकडूनही होते. सगळ्यांत निर्धोक मार्ग म्हणजे ०.७५, १, १.५, २.५, ४, ६ असे आपल्या वायरीवर छापलेले आकडेच ज्यावर आहेत, तो स्ट्रिपर शोधून घेणे. दुकानदाराने ‘सगळे सारखेच’ म्हटले तरी आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

स्वयंचलित स्ट्रिपरविषयी अलीकडे तरुण वायरमन फार विचारतात. एका जबड्याने वायर धरून दुसऱ्याने आवरण कापत ओढणारे आणि वायरीची जाडी स्वतःच ओळखून घेणारे असे त्याचे प्रकार आहेत. नव्या इमारतीत एकसारखी शेकडो टोके सोलायची असतील, तर हे हत्यार मनगट वाचवते, प्रत्येक टोक सारख्या लांबीचे निघते आणि कामाला गती येते. परंतु ते धूड बॉक्सच्या आत जात नाही, गिझर किंवा ओव्हनसारख्या तापणाऱ्या उपकरणांतील सिलिकॉनच्या आवरणावर त्याचा भरवसा देता येत नाही, आणि त्यातील स्प्रिंगा व सरकते भाग खाऱ्या हवेत अडकू लागतात. स्वस्त प्रतीच्या हत्यारात जबड्याचे दात आवरणावर खोल वळ उठवतात, आणि हा वळ टर्मिनलबाहेर उघडा राहतो. दुरुस्तीच्या कामावर फिरणाऱ्या माणसाने पहिली खरेदी याची करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तीन कोअरच्या, म्हणजे एकाच वेष्टनात तीन वायरी असलेल्या, केबलचे बाहेरचे जाड आवरण काढण्यासाठी यांपैकी काहीच वापरू नये. त्यासाठी खोली ठरवता येणारे लहान पाते असलेला केबलचा चाकू वेगळा मिळतो. विहिरीतल्या पाणबुडी पंपाच्या चपट्या केबलवर साध्या चाकूने बाहेरचे आवरण फाडताना आतल्या कोअरवर ओरखडा आला, तर सांध्यावर टेप कितीही गुंडाळली तरी पाणी त्या ओरखड्यातून जाते. पंप जळाल्यावर दोष सहसा मोटारीला दिला जातो. मच्छीमार नौकांवरच्या वायरिंगलाही हेच लागू पडते, तिथे तर रोजच्या रोज खारे पाणी उडत असते.

सोललेल्या टोकाच्या लांबीकडेही तेवढेच लक्ष हवे. अनेक स्विचच्या पाठीवर ती रेघेने दाखवलेली असते. टोक लांब सोलले, तर टर्मिनलबाहेर उघडे तांबे राहते आणि ओल्या बॉक्समध्ये ते धोक्याचे ठरते. आखूड सोलले, तर स्क्रू आवरणावर आवळला जातो, त्या दिवशी पक्का वाटतो आणि पीव्हीसी दबत गेले की ढिला पडतो.

मुठीवर लाल किंवा पिवळे प्लास्टिक आहे म्हणून हत्यार विजेपासून सुरक्षित झाले, हा समज घातक आहे. साध्या पकडीवरचे ते वेष्टन पकड बसावी म्हणून असते. चालू विजेवर वापरण्याच्या हत्यारांसाठी आयईसी ६०९०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्या हत्यारांवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा असतो, आणि प्रत्येक नग १०,००० व्होल्टवर तपासलेला असतो. तरीही वायर सोलण्यापूर्वी मेन बंद करून टेस्टरने खात्री करून घ्यावी.

हत्यार कोणतेही घ्या, कोकणात त्याची निगा अधिक राखावी लागते. हाताच्या घामातही मीठ असते. संध्याकाळी कोरड्या फडक्याने पाते पुसून सांध्यात शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब सोडला, तर साधा स्ट्रिपरही वर्षानुवर्षे चालतो. तसाच पिशवीत टाकला, तर एका पावसाळ्यात त्याचा सांधा धरतो. बोथट पाते कापत नाही, ओढते, आणि आवरण ताणून फाडते. धार गेलेले हत्यार भावनेपोटी सांभाळू नये, नवे घ्यावे.

संपादक महोदय, यात सगळा दोष वायरमनचा आहे असे मला वाटत नाही. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात चाकरमानी येण्यापूर्वी काम पुरे व्हावे म्हणून प्रत्येक घरातून तगादा असतो. पॉइंटमागे ठरलेल्या मजुरीत मालक घासाघीस करतो, आणि टोक तपासून घेण्याचा वेळ त्या मजुरीत कोणीच धरत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. होड्या बांधणारे आणि मासेमारीची जाळी विणणारे त्यात आहेत, ही आपल्या किनाऱ्यासाठी आनंदाची गोष्ट आहे. वायरमन मात्र त्या यादीत नाही. पारंपरिक व्यवसायांची योजना म्हणून ते समजण्यासारखे असले, तरी दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला स्वतःचा असा एक चांगला हत्यारसंच देण्याची काही तरतूद राज्य शासनाने किंवा जिल्हा नियोजन समितीने करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या संचात चौरस मिलिमीटरची मापे असलेला गोल छिद्रांचा स्ट्रिपर, खोली ठरवता येणारा केबलचा चाकू आणि एक चांगला साइड कटर असला, तरी घरगुती कामाची मोठी गरज भागेल. प्रशिक्षण संस्थांनीही वायर सोलण्याचे गुण सोललेले टोक उलगडून, तारा मोजून द्यावेत.

आणि घरमालकांना एक सुचवावेसे वाटते. काम सुरू होण्याच्या दिवशी वायरमनला, मग तो परवानाधारक आणि ओळखीचा का असेना, सन्मानाने बसवून वायरीचा एक तुकडा त्याच्या नेहमीच्या हत्याराने सोलून दाखवायला सांगावे आणि त्याच्यासमोर टोक उलगडून तारा पाहाव्यात. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. हत्यार नाही असे तो म्हणाला, तर मजुरीतून न कापता ते त्याला आणून द्यावे. संपूर्ण घराच्या वायरिंगच्या खर्चात दोन-अडीचशे रुपये कोणालाही जड नाहीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वायरमन ट्रेड),
मालवण, जि. सिंधुदुर्ग